दाबा, धरा, सोडा

मंगळवार, ५

ही वही माझी नाही. शाळेच्या गाडीत कुणीतरी विसरून गेलेली आहे. पहिल्या चार पानांवर सतराचा पाढा चार वेळा लिहिलाय आणि चारही वेळा आठव्या ओळीला चुकलाय. पाचव्या पानापासून मी.

काल बायकोने वही आणि पेन माझ्या पोटावर आणून ठेवलं आणि म्हणाली, जे जे सुचतं ते यात लिहा, प्रत्येक गोष्ट आम्हाला ऐकवायलाच हवी असं नाही. पडून तीन दिवसही झाले नाहीत तेवढ्यात ही वेळ आली.

पडलो ते असं. मी शाळेची छोटी बस चालवतो, अठरा वर्षं झाली. सुट्टी लागली की गाडी टपापासून धुतो. शनिवारी टपावर चढलो, फडक्याने साबण लावत मागे मागे सरकत गेलो आणि टप संपला हे लक्षात आलं तेव्हा मी अंगणात होतो. डावा पाय, गुडघ्याच्या खाली, दोन ठिकाणी मोडलाय. प्लास्टर मांडीपर्यंत नाही, गुडघ्याखालीच आहे, एवढं नशीब.

आई एकतीस वर्षं इस्पितळात नर्स होती. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण शनिवारपासून परत ड्युटीवर आहे. माझ्या उशाशी भिंतीवर तिने तापाचा तक्ता चिकटवलाय. ताप नाही असं सांगितलं तर म्हणते, नाही हे पण लिहावं लागतं.

पलंग खिडकीशी आणवून घेतला. अंगण आणि गाडी इथून पूर्ण दिसते. अंगणाला घराकडून फाटकाकडे उतार आहे आणि गाडी कायम फाटकाकडे तोंड करून उभी असते. सकाळी बसायचं आणि निघायचं. माझा नियमच आहे तो.

गुरुवार, ७

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर. मग व्यायाम. मग बघू. ते ‘बघू’ मला आवडलं नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, क्लच कुठल्या पायाने दाबता? मी म्हटलं, डाव्या. ते कागदावर लिहीत राहिले. एवढं काय लिहीत होते कोण जाणे.

शाळा पंचवीस तारखेला उघडते. एकोणीस मुलं.

दुपारी शेजारचे घड्याळवाले भेटायला आले. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आमच्या कोपऱ्यावरच आहे. म्हणाले, सकाळी सहाला फिरायला गेलो होतो, तुमची गाडी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर गोल गोल फिरताना दिसली. मला हसूच आलं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून एवढीएवढीशी चाकं बघणाऱ्या माणसाला सगळंच फिरताना दिसणार. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायला लागली. मग तासभर गुडघे.

आई रात्री देते त्या गोळीने मला सकाळी नऊपर्यंत जाग येत नाही. नाहीतर मीच शहानिशा केली असती.

शनिवार, ९

गाडीतला मधला आरसा खाली वाकवलेला दिसतोय. इथून नीट कळतं. बायकोला विचारलं तर म्हणाली, काच पुसताना हात लागला असेल. आठवड्यात तिसऱ्यांदा पुसतेय. गाडीत ती मागच्या दाराशी बसते, मुलांना चढवते, उतरवते, कुणाचा डबा राहिला, कुणाला मळमळतंय, ते सगळं तिचं खातं. पुढचा रस्ता माझा. गाडीची एवढी माया तिला असेल असं मला वाटलं नव्हतं.

तशी तिच्याकडे परवाना आहे. तीन वर्षांपूर्वी काढला. फोटो चांगला आलाय म्हणून ओळखपत्रासारखा वापरते.

पंचवीसपासून गाडी कोण चालवणार हा प्रश्न मी पडल्या पडल्या फोनवरून सोडवला. बेकरीची गाडी चालवणारा माझा एक मित्र आहे. तो सकाळची पावाची फेरी आटोपून येतो म्हणाला. बायकोला सांगितलं तर ती ‘बरं’ म्हणाली. आई तक्त्यावर काहीतरी लिहीत होती, तिने पेन थांबवून हिच्याकडे पाहिलं. दोघींचं तसं फारसं जमत नाही. कामापुरतं बोलतात. एका घरात बावीस वर्षं काढली पण दोघींना मिळून कधी हसताना मी पाहिलं नाही.

सोमवार, ११

संकट.

सकाळी अंगणात माणसांचे आवाज आले म्हणून जाग आली. पडदा सारून बघतो तर घड्याळवाले, दूधवाला आणि आणखी दोघे जण गाडी फाटकातून आत ढकलत होते, मागच्या मागे. बायको स्टिअरिंगशी. मी ओरडून विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, एका जागी उभी राहून चाकं बसतात, म्हणून जरा बाहेर नेऊन आणली. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत गाडीचं काहीतरी शिकली म्हणायची.

मग आत येऊन म्हणाली, क्लच गेला. पेडल दाबलं की जमिनीला टेकतं आणि तिथेच राहतं. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, पुसताना पाय लागला.

तिला म्हटलं, गाडीखाली बघ, मधोमध ओलं आहे का. होतं. म्हणजे खालच्या सिलिंडरचं रबर गेलं आणि तेल गळालं. वहीत लिहून ठेवतो, कारण ऐकायला कुणी थांबलं नाही. क्लचचं पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं तेल नळीतून खाली ढकललं जातं आणि खालचा सिलिंडर त्या जोरावर क्लच सोडवतो. तेल दबत नाही, म्हणून पायातला जोर जसाच्या तसा खाली पोहोचतो. पण नळीत हवा शिरली तर हवा स्पंजासारखी दबते आणि सगळा जोर तिथेच विरतो. आता तेलही गेलंय आणि हवाही शिरली आहे.

मंगळवार, १२

आमच्या मेस्त्रीला फोन लावला. तो लेकीकडे गेलाय, अठ्ठावीसला येणार. बाकी गॅरेजवाल्यांकडे सुट्टीतल्या गाड्यांची रांग, पंधरा दिवस कुणी हात लावायला तयार नाही.

त्यात दुपारी शाळेच्या कार्यालयातल्या बाईंचा फोन. शुक्रवारी, बावीसला, सगळ्या गाड्यांची तपासणी शाळेच्या मैदानावर. जी गाडी येणार नाही तिचा मार्ग दुसऱ्या गाडीवाल्याला देणार. गोड आवाजात सांगितलं. अठरा वर्षं मी त्या मार्गावर आहे. कुठल्या वळणावर कुठलं कुत्रं झोपतं ते मला ठाऊक आहे.

तासभर छताकडे बघत पडून राहिलो. मग ठरवलं, काम घरीच करायचं. सिलिंडर बदलायचा, तेल भरायचं, हवा काढायची. हवा काढायला दोनच माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक गाडीखाली. ती दोन माणसं घरात आहेत. डोकं माझं, हातपाय त्यांचे. खिडकीतून सगळं सांगेन.

मेस्त्रीला तसं कळवलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, वहिनींना फोन द्या.

बुधवार, १३

मी बायकोला सांगून ठेवलं होतं की दुकानात गाडीचं वर्ष सांग, बरोबर सिलिंडर देतील. तिने काल संध्याकाळीच जुना सिलिंडर काढला आणि तोच पिशवीत घालून घेऊन गेली. परत आल्यावर म्हणाली, तुम्ही सांगितलेल्या वर्षाचा वेगळा येतो. असं होतं कधीकधी, कारखानेवाले मध्येच बदल करतात.

सिलिंडर काढायला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, दोन बोल्ट आणि एक नळी, त्यात शिकवायचं काय. मेस्त्रीने फोनवर सांगितलं असणार. म्हणजे माझ्यामुळेच.

नवा सिलिंडर बसला. नवी, न फोडलेली तेलाची बाटली आणायला मी बजावलं होतं, ती मात्र बरोबर आणली. उघडं राहिलेलं तेल हवेतलं पाणी पितं. उद्या हवा काढायची.

गुरुवार, १४

आज आमच्या घरात जे झालं ते शत्रूच्या घरातही होऊ नये. पण हसूनही घेतो, कारण मी एकटाच कोरडा राहिलो.

व्यवस्था अशी. आई चालकाच्या आसनावर, पाठीशी दोन उशा. सत्तरी ओलांडली तरी पाय भक्कम आहेत. बायको गाडीखाली चटई टाकून उताणी. चाकांना दोन्हीकडून विटा लावलेल्या. सिलिंडरला हवा सोडायचं एक बारीकसं निपल असतं, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. पेडल तीनचार वेळा दाबून धरून ठेवायचं, मग खालच्या माणसाने पान्याने निपल अर्धा आटा सैल करायचं, हवा आणि तेल बाहेर येतं, पेडल खाली जातं. निपल घट्ट करायचं. आणि मगच, लक्षात ठेवा, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर जेवढी हवा गेली तेवढी परत आत.

मी खिडकीतून ‘दाब’ म्हटलं. आईने दाबलं. खालून बायको म्हणाली, ‘धरा’. सासूला धर कसं म्हणणार. मी म्हटलं, ‘आता सोड.’ मला वाटलं निपल बंद झालं. आईने सोडलं. गाडीखालून जो आवाज आला तो शब्द नव्हता. नळी निपलवरून उडाली होती.

दुसऱ्या वेळी मी म्हटलं धर, बायको म्हणाली सोडा. तिसऱ्या वेळी आम्ही दोघं एकदम बोललो. आईने दोन्ही पाय उचलून घेतले, हात मांडीवर ठेवले आणि काचेतून समोर बघत शांतपणे म्हणाली, ‘एका वॉर्डात दोन डॉक्टर मला चालत नाहीत. कुणाचं ऐकू तेवढं सांगा.’

त्या भानगडीत वरच्या सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीतलं तेल संपलं हे कुणी पाहिलं नाही. डबी रिकामी झाली की वरून हवा शिरते. अर्धी बाटली गेली आणि पेडल लोण्यासारखं मऊ. बायको बाहेर आली तेव्हा केसांतून तेल निथळत होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बादली उचलून न्हाणीघरात गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १५

आज त्यांनी खिडकी लावून घेतली. धूळ आत येते म्हणे.

मला मात्र महत्त्वाचं काम दिलंय. दर दहा वेळा झाल्यावर बायको ती बाटली काचेपाशी आणून दाखवते, मी बुडबुडे बघून निकाल द्यायचा. मी ‘अजून आहे’ म्हटलं की ती मान डोलावून जाते. शेवटी सगळं माझ्याच डोळ्यांवर आहे.

काचेआडून आवाज कमी येतो, पण लय कळते. दाबा. धरा. सोडा. डबीकडे लक्ष ठेवायची कल्पना आईची, दर पाच वेळांनी ती उतरते, बघते, भरते, परत चढते. पेडल खालीच चिकटून राहिलं तर पायाच्या पंजाने वर ओढते. दुपारपर्यंत पेडल अर्ध्यावर आलं. पण तिथेच थांबलं. बुडबुडे यायचे बंद झाले तरी पेडल मऊच. मी निकाल दिला, ‘हवा नाही.’ बायको म्हणाली, ‘आहे.’

रविवार, १७

काल काही लिहिलं नाही. आजही लिहावंसं वाटत नव्हतं.

बेकरीवाल्याचा फोन आला. त्याची सकाळची दुसरी फेरी सुरू होतेय, जमणार नाही. त्याचं चुकलं असं नाही. पण गाडी दुरुस्त झाली तरी चालवायला माणूस नाही, आणि त्या दिवशी डॉक्टरांच्या ‘बघू’ने जे डोक्यात शिरलंय ते निघत नाही. पाय जुळला आणि नीट वाकला नाही तर? पेडल दाबलं आणि पोटरीत जोरच नसला तर? मी पन्नाशीला टेकलोय. मला दुसरं काही येत नाही. कुणी ‘तुम्ही काय करता’ विचारलं तर मी कायम एका शब्दात उत्तर दिलंय.

हे बायकोला सांगितलं नाही. आईला तर नाहीच, ती तक्त्यावर लिहील.

संध्याकाळी अंगणातून हसू ऐकू आलं. दोघींचं. गाडीच्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या, मधे तेलाचं फडकं. आई काहीतरी सांगत होती आणि बायको पोट धरून हसत होती. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मी काच वाजवली, तर दोघी एकदम गप्प झाल्या.

मंगळवार, १९

आई माझ्या पलंगाशी बसून मी काढलेलं सिलिंडरचं चित्र बघत होती. विचारलं, हे निपल कुठल्या टोकाला? मी म्हटलं, पुढच्या. म्हणजे गाडीच्या तोंडाकडच्या. आणि गाडी उभी कशी आहे? तोंड उताराला.

मग तिने मला सलाइन लावायच्या गोष्टी सांगितल्या. नव्या पोरी नळीतली हवा काढायला बाटली पिळत बसायच्या. आई नळीचं टोक वर धरून टिचकी मारायला लावायची. हवा आपण ढकलू तिकडे जात नाही, ती वर जाते. वर तिला दार ठेवलं तर मुकाट्याने निघून जाते. तुमच्या गाडीत दार खाली आणि हवा वरच्या कोपऱ्यात बसलीय, कितीही दाबा, तेल तिच्या खालून निघून जाणार. गाडी फिरवून उभी करा.

मी म्हटलं, शक्य नाही. अठरा वर्षांत गाडी कधी उलटी उभी केलेली नाही. शिवाय सलाइन वेगळं आणि क्लच वेगळा. आईने वाद घातला नाही. मला गोळी दिली. आज जरा लवकर दिली असं वाटलं.

बुधवार, २०

नऊला जाग आली. पडदा सारला तर गाडीचं तोंड माझ्याकडे. दोन दिवे डोळे वटारून बघत होते. फाटकाबाहेर घड्याळवाले आणि दूधवाला कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे.

मी रागवायची तयारी करत होतो. पण गाडीखालून आवाज आला, ‘दाबा.’ आईचं डोकं काचेआड किंचित पुढे झुकलं. ‘धरा.’ मग बाटलीत एवढा मोठा बुडबुडा आला की आवाज मला बंद खिडकीतून कळला असं वाटलं. खरं तर बायकोच्या ओरडण्यावरून कळलं. ‘सोडा’ म्हणायला ती विसरली, पण आई धरून बसली होती. सांगितल्याशिवाय सोडणाऱ्यातली ती नाही.

आणखी आठदहा वेळा. मग आई म्हणाली, आता पाय अडतोय.

मला ते स्वतः बघायचं होतं. मी हट्टच धरला. घड्याळवाल्यांनी आणि दूधवाल्याने मला खुर्चीत बसवून गाडीपर्यंत नेलं आणि चालकाच्या आसनावर ढकललं. डावा पाय तसाच शेजारच्या आसनाकडे लांब केलेला. पाय लावता येईना, म्हणून वाकून हाताने पेडल दाबलं. अठरा वर्षांत त्याला कधी हात लावला नव्हता. वरचं बोटभर सैल, आणि मग सगळं भरीव. थेट खालपर्यंत जाणवत होतं. मी दोनदा दाबून पाहिलं. तिसऱ्यांदा उगाचच.

सरळ व्हायला गेलो तर उजवा गुडघा स्टिअरिंगला आपटला. आसन पार पुढे ओढलेलं होतं. मला वाटलं आईसाठी. पण आईला तर दोन उशा लावल्या होत्या, आणि तिची उंची माझ्याएवढीच आहे. मी मान वर केली. मधला आरसा खाली वाकवलेला. त्यात मला मागच्या दाराची पायरी तेवढी दिसत होती, दार नीट दिसलं असतं ते माझ्यापेक्षा वीतभर ठेंगण्या माणसाला. मग मैदान आठवलं, आणि चाकं बसतात म्हणून बाहेर नेलेली गाडी.

बायको दाराशी उभी होती, कोपरापर्यंत काळी.

मी विचारलं, ‘किती दिवस?’

‘तुम्ही पडलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज सकाळी. आई शेजारी बसायच्या.’

‘मला का नाही सांगितलं?’

ती हात पुसत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्ही शिकवायला लागला असतात.’

घड्याळवाले फाटकाच्या कडीकडे अगदी बारकाईने बघायला लागले. मला राग यायला हवा होता, पण तो कुठून आणायचा ते कळेना. मी आसनाचा खटका शोधला, मागे ओढू म्हणून. मग राहू दिलं.

शुक्रवार, २२

बायको आठला एकटीच गाडी घेऊन गेली. फाटकातून मागच्या मागे काढली, दोन्ही बाजूंना चार चार बोटं सोडून. ती वळेपर्यंत मी खिडकीची चौकट धरून होतो.

तिला सांगायच्या तेरा सूचना मी वहीत लिहून ठेवल्या होत्या. एकही सांगितली नाही. हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण इतर कुणाला ते कळायचं नाही.

मग आई आणि मी. आईने एका तासात तीनदा ताप बघितला. तिसऱ्यांदा तापमापी माझ्या तोंडात असताना म्हणाली, ‘माझ्या पहिल्या रात्रपाळीला मी सुई तीन वेळा जमिनीवर पाडली होती.’ मी तापमापी काढून म्हटलं, ती नाही पाडणार. आई म्हणाली, ‘मला माहीत आहे. मी तुला सांगत होते.’

मग मी डॉक्टरांच्या ‘बघू’बद्दल तिला बोललो. एकदम, थांबता न येता. तिने ऐकून घेतलं. प्लास्टरबाहेरची माझी बोटं एकेक करून हलवायला लावली. म्हणाली, पाय बहुतेक येईल, वेळ लागेल. आणि नाही आला पूर्ण, तर गाडीत दोन जागा आहेत, दोन्ही कामाच्या आहेत. तक्त्यावर यातलं काही लिहिलं नाही.

सव्वाअकराला गाडी परत आली. तपासणी करणाऱ्याने शाळेच्या फाटकातल्या चढावर थांबवून गाडी पुढे काढायला लावली होती. दोन गाड्या मागे घसरल्या. आमची नाही. मार्ग आमच्याकडे राहिला. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, क्लच कुणी केला? बायकोने सांगितलं, सासूबाईंनी. आई लाजली. मी आईला लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, आणि माझं नाव? बायको म्हणाली, बाटलीचा निकाल तुम्ही दिला हे सांगितलं की.

सोमवार, २५

आज मी मागच्या दाराशी बसलो. बायकोच्या जागेवर. प्लास्टर समोरच्या पेटीवर, कुबड्या आसनाखाली. आई म्हणाली होती नको, मग म्हणाली पायाखाली उशी घे.

एकोणीस मुलं चढली. इतकी वर्षं ही मुलं मी फक्त आरशात, डोक्यापासून हनुवटीपर्यंत बघितली. चौथ्या थांब्यावरचा जो मुलगा मला फार शांत वाटायचा तो शांत नाही, त्याची तोंडाची टकळी अखंड चालू असते, फक्त हळू आवाजात. एकीच्या बुटाची नाडी रोज दुसऱ्या थांब्यापर्यंत सुटते. डबे कुणाचे कुणाला जातात त्याची तर एक मोठी व्यवस्थाच आहे, ती मी कुणाला सांगणार नाही असं वचन द्यावं लागलं. दार लावायचं, कडी बघायची, डोकी मोजायची. वाटलं होतं त्यापेक्षा अवघड आहे. सातव्या थांब्यावर मी अठरा मोजली आणि घाम फुटला. एक जण वाकून पेन्सिल शोधत होता.

पाण्याच्या टाकीजवळ चढ लागतो, तिथे दुसरा गिअर टाकावा लागतो. चढ जवळ आला तशी सगळी मुलं एकदम गप्प झाली. ताठ बसली. समोरचे दांडे धरले. मला कळेना काय झालं. गिअर पडला, गाडी चढायला लागली. काहीच झालं नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

माझ्या शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिने विचारलं, ‘काका, आज गाडीने उडी का नाही मारली?’

मी विचारलं, कसली उडी. तिने मला समजावून सांगितलं, नव्या माणसाला सांगतात तसं. इथे गाडी उडी मारते. उडी मारली की सगळ्यांनी एकदम हूप म्हणायचं. जो उशिरा म्हणेल तो बाद. मी विचारलं, रोज? ती म्हणाली, रोज, परत येताना दोनदा. हा खेळ तिला तिच्या ताईने शिकवला. ताई आता नोकरी करते.

मी मनाशी हिशेब केला आणि सोडून दिला. घसा साफ करून म्हणालो, क्लचमध्ये बिघाड होता. त्यात हवा होती. ती काढली.

‘कुणाची?’ तिने विचारलं.

पुढून बायको हसली. मान वळवली नाही, डोळे रस्त्यावरच, पण खांदे हलत होते. आरशातून तिने माझ्याकडे पाहिलं नाही हे तिचे उपकार.

‘माझी,’ मी म्हटलं.

तिला ते पटलं. मग तिला खरी काळजी होती ती तिने विचारली. उडी नाही तर आता खेळायचं कसं? मी विचार केला. म्हटलं, गाडीने नाही मारली तर आपण म्हणायचं. पुढचा गिअर पडेल तेव्हा. ती उठून आसनाआसनाला जाऊन सगळ्यांना सांगून आली. चालत्या गाडीत उठू दिलं, ही माझी पहिली चूक.

शाळेच्या फाटकाचा चढ आला. सगळे दांडे धरून ताठ. मीही धरला. बायकोने गिअर टाकला. कळलंसुद्धा नाही. एकोणीस जणांनी एकदम हूप म्हटलं आणि मी त्यांच्यानंतर.

पहिल्याच दिवशी बाद झालो.